उसनी पाळी

पिंपळमळा, ता. इंदापूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेया,
आशीर्वाद.

फोनवर मी ओरडतो आणि तू ‘मामा, रेंज नाही’ म्हणतेस. म्हणून कागद घेतला. कागदाला रेंज लागत नाही आणि माझं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

तुझ्या कंपनीच्या, पाणी आपोआप सोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॅमेऱ्याच्या पेट्या आमच्या उपसा योजनेच्या व्हॉल्व्हवर बसून तेरा दिवस झाले. तेरा दिवसांत त्यांनी गावातला एक चोर पकडला. अय्युब मुलाणी.

दहावीपर्यंत तू माझ्या घरी राहिलीस. अय्युबच्या सायकलीच्या दांडीवर बसून शाळेत गेलीस. त्याची मेहजबीन तुझ्या बाकावर बसायची. हा माणूस सव्वीस वर्षं उजनीचं पाणी बावीस घरांना वाटतो. कुणाची पाळी कधी, कुणाच्या शेताला किती तास, सगळं त्याच्या डोक्यात. पाऊस नसलेल्या वर्षी याच गावात भावाभावांनी एकमेकांवर फावडी उगारलेली मी पाहिली आहेत, पण अय्युबनं कुणाला पाच मिनिटं कमी दिली असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

आता काय घडलं ते नीट वाच. नऊ जानेवारीला सारजाचा नवरा गेला. चौदा तारखेला तिची पाळी आली. सुतकाच्या घरात दारं धरायला, म्हणजे वाफ्या-वाफ्यात पाणी फिरवायला, माणूस नव्हतं. अय्युबनं शेजारच्या गेणबाला सांगितलं, ‘आजचं पाणी तू घे, तुझ्या पाळीला तिला परत दे.’ याला आपल्याकडे उसनी पाळी म्हणतात, पुन्हा सांगतो. लग्न असो, बाळंतपण असो, मयत असो, एक घर दुसऱ्याला पाणी उसनं देतं आणि पुढच्या फेरीत परत घेतं. कुठं लिहून ठेवत नाहीत. ठेवावं असं कधी कुणाला वाटलंही नाही.

गेणबानं चौदाला पाणी घेतलं. वीस तारखेला तुमच्या पेट्या सुरू झाल्या. बावीसला गेणबाची पाळी. अय्युबनं ठरल्याप्रमाणं पाना लावून सारजाचा व्हॉल्व्ह उघडला. वीस दिवस कोरड्या पडलेल्या मक्याला पाणी मिळालं. पेटीला चौदा तारीख माहीतच नाही. ती त्यानंतर सहा दिवसांनी जन्मली. तिला फक्त बावीस दिसली. तिनं फोटो काढला, वाकलेला अय्युब, हातात पाना, आणि बावीस जणांच्या फोनवर पाठवला. वर लाल पट्टी, खाली अय्युबचं पूर्ण नाव.

तासाभरात तो फोटो गावाच्या ग्रुपवर होता. तिथं कुणीतरी नावाच्या पुढं दोन शब्द वाढवले. ते मी लिहीत नाही. तुला कळतील.

तुझ्या साहेबाकडून एक पत्र हवं. दोन ओळी पुरेत. पेटी चुकली, अय्युब मुलाणी निर्दोष आहे. नऊ तारखेला योजनेच्या सभासदांची सभा आहे. त्याआधी पाठव.

तुझा मामा,
रामहरी


काटेवाडी
७ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तर कागदावरच देते आणि तुम्हीही यापुढे घरच्या पत्त्यावरच लिहा, ऑफिसच्या नको. आमच्या फोनमध्ये कंपनीनं एक ॲप घातलं आहे. ते काय काय वाचतं ते आम्हाला विचारायची परवानगी नाही. शिक्का मारलेलं पाकीट अजून तरी कुणी फोडत नाही.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, पेटी चुकलेली नाही. गेणबाच्या वेळेत सारजाकाकूंच्या शेतात पाणी गेलं हे खरं, व्हॉल्व्ह अय्युबचाचांनी उघडला हे खरं, मग चूक कशाची लिहून द्यायची? आणि मामा, पेटीनं ‘चोर’ हा शब्द वापरलेला नाही. ‘अनधिकृत वापर’ असा वापरला आहे. अय्युबचाचांचा धर्म पेटीला माहीत नाही. तो गावाला माहीत आहे. ते दोन शब्द कुणाच्या अंगठ्यानं लिहिले ते आधी शोधा.

रागावू नका, पण दुसरी बाजूही लिहिते. पाइपलाइनच्या शेवटी रावजी आणि दगडाबाईंची शेतं आहेत. वरचे लोक दहा मिनिटं, पंधरा मिनिटं जास्त घेत आले आणि त्यांना कायम उरलेलं पाणी मिळालं. पेट्या आल्यावर दगडाबाईंना पहिल्यांदा पाळी पुरी मिळाली. त्यांनी मला फोन करून सांगितलं, ‘पोरी, आता कुणाच्या पाया पडाया नको.’ हे खोटं आहे का? अय्युबचाचांनी कुणाला कमी दिलं नसेल, पण ज्यांनी जास्त ओढलं त्यांचा हात चाचांना धरता आला नाही. पेटी धरते. तिला सरपंचाची भीती नाही आणि मेव्हण्याची भीड नाही.

शेवटचं. नोव्हेंबरात चावडीपुढं पेट्यांसाठी दीड तास कोण बोललं? मी पहिल्या रांगेत बसले होते. ‘माणूस थकतो, माणूस विकला जातो, यंत्राला घर नाही, नातं नाही, म्हणून त्याच्याकडून न्याय मागा.’ हे वाक्य तुमचं आहे. टाळ्या तुम्हाला पडल्या. आमच्या साहेबांनी ते भाषण इतर पाच गावांत दाखवलं.

तक्रार मी नोंदवली आहे. तिला नंबर मिळाला आहे. नऊ तारखेच्या आधी काही होईल असं वाटत नाही.

तुमची,
श्रेया


पिंपळमळा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेया,
आशीर्वाद.

टाळ्यांची आठवण करून दिलीस. दिली ते बरं केलंस. एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली वीस युनियनच्या फाटकावर उभा राहून बोलण्यात गेली. मालकाच्या बाजूनं आयुष्यात एकदाच बोललो आणि तेही फुकट मिळतंय म्हणून. तुमच्या साहेबानं सांगितलं, पेटीचा एक पैसा घेणार नाही. तेव्हाच मी विचारायला हवं होतं, मग घेणार काय? आता कळलं. कुणाच्या शेतात किती पाणी गेलं याची नोंद ज्याच्या हातात, त्याला कुणाचं पीक किती येणार ते शेतकऱ्याच्या आधी कळतं. मग ते बी विकणाऱ्याला कळतं, माल घेणाऱ्याला कळतं, विमावाल्याला कळतं. आम्ही बाजारात जाऊन भाव विचारणार आणि समोरच्याला आमचं शेत आमच्यापेक्षा जास्त पाठ असणार. असा फुकटा धंदा मी मोठमोठ्या ग्रंथांत वाचला होता. दारात आला तेव्हा ओळखला नाही.

दगडाबाईचं म्हणणं मी खोडत नाही. तिला पाणी मिळालं, मिळालंच पाहिजे. पण दहा मिनिटं ओढणाऱ्या बागायतदाराला पेटीनं कधी लाल पट्टी लावली? त्याच्या व्हॉल्व्हवर नुसती वेळ संपते आणि पाणी बंद होतं. त्याचा फोटो येत नाही, नाव येत नाही. फोटो आला तो मक्याला पाणी देणाऱ्या गड्याचा. पाना ज्याच्या हातात तो गुन्हेगार, असं तुमच्या यंत्राला कुणी शिकवलं?

नऊ तारखेची सभा झाली. अय्युबला कामावरून काढलं. पाना काढून घेतला. ठराव एकमतानं नोंदला गेला. विरोध झाला नाही असं नाही.

सारजाला बोलता आलं नाही. सभासद तिचा नवरा होता, तिचं नाव अजून चढलेलं नाही. ती दाराबाहेर चपलांपाशी उभी होती. आत एकानं सांगितलं, ‘बाई, नाव चढल्यावर बोला.’ आणि गेणबा, ज्यानं चौदा तारखेला तिचं पाणी घेतलं, तो मान खाली घालून तंबाखू मळत होता. त्याचं कारणही सांगतो. तुमच्या पेटीनं त्याला ‘नुकसानग्रस्त’ ठरवलं आणि एक अख्खी पाळी आपोआप भरून दिली. म्हणजे एका पाळीच्या बदल्यात त्याला दोन पाळ्या मिळाल्या. मी नंतर गाठून विचारलं, ‘गेणबा, हे काय?’ तर म्हणाला, ‘म्या कुठं मागितलं, रामहरीराव? मशिनीनं दिलं. मशिनीला न्हाय कसं म्हणायचं?’

वडाखालच्या टपरीवर काल चर्चा ऐकली. एकजण म्हणाला, ‘मशीन खोटं बोलत न्हाय.’ दुसरा म्हणाला, ‘खरं तरी कुठं बोलतंय, ते नुसतं दावतंय.’ तिसऱ्यानं विचारलं, ‘मंग अय्युबनं पाना का लावला?’ आणि हे बोलणाऱ्या तिघांच्याही घरी गेल्या पाच वर्षांत उसनी पाळी झाली आहे. तिघांनाही माहीत आहे. मला माणसाच्या वाईटपणाचं नवल वाटत नाही, श्रेया. इतक्या लवकर विसरता येतं याचं वाटतं.

अय्युब घरीच असतो. सकाळी सवयीनं उठून पाइपलाइनच्या वाटेनं अर्ध्यापर्यंत जातो आणि परत फिरतो.

तुझ्या तक्रारीचा नंबर मला नको. माणसाची सही पाठव.

मामा


काटेवाडी
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

काल मेहजबीन भेटली. ती एमआयडीसीत दुधाच्या पॅकिंगला आहे, हे तुम्हाला माहीत असेल. पाळी सुटायच्या वेळेला मी फाटकाबाहेर जाऊन थांबले. मला बघून तिनं स्कार्फ नीट केला आणि सरळ चालायला लागली. मी मागून गेले. चहाच्या गाड्यापाशी ती थांबली, म्हणाली, ‘फोटो काढणार असशील तर सांग, तोंड धुवून येते.’

मी म्हटलं, ‘मेहजबीन, मी तक्रार दिलीय.’

‘कुणाकडं?’

‘कंपनीत.’

‘कंपनीची कंपनीकडं. बरंय.’ मग चहा घेतला, पैसे तिनंच दिले, मला देऊ दिले नाहीत. म्हणाली, ‘अब्बा आता दाढी करत न्हाईत. अम्मी म्हणाली, करा की. तर म्हणले, कुठं जायचंय?’

मी सांगितलं की मामा तिकडं भांडतायत. ती हसली. तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिते. ‘तुझ्या मामाचा आवाज इंदापूरच्या स्टँडवर लाऊडस्पीकरबिगर ऐकू जायचा म्हणतात. सभेत शेजारी बसल्याला पण आला न्हाय.’

मामा, तुमच्या मागच्या पत्रात एक वाक्य होतं. ‘विरोध झाला नाही असं नाही.’ मी ते तीनदा वाचलं होतं. तुम्ही असं कधी लिहीत नाही. तुम्ही ‘मी उठलो आणि म्हणालो’ असं लिहिता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मेहजबीननं सांगितलं, चेअरमननं ‘कुणाचं काय म्हणणं?’ असं दोनदा विचारलं. अय्युबचाचांनी सगळी सभा सोडून फक्त तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चष्मा पुसत होता.

मला कारण माहीत आहे, कारण ती फाइल माझ्या टेबलावरून गेली. तुम्ही चालवता त्या वाचनालयाची नवी खोली, चार कपाटं, दोन पंखे आणि दारावर म्हाळसामामींच्या नावाची पाटी. दिवाळीत कंपनीनं दिली. मला वाटलं होतं, मामांच्या कामाची कुणी तरी कदर केली. फाइलवर कारणाच्या जागी इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ ‘गावातला प्रभावी आवाज’.

एवढं तुम्हाला लिहिल्यावर माझं लपवून चालणार नाही.

तुम्ही विचारलंत, यंत्राला कुणी शिकवलं. मी. नोव्हेंबरात पाहणीला आले होते तेव्हा तुमच्याच ओट्यावर बसून तुम्ही मला उसन्या पाळीचं सगळं सांगितलं. मी हातानं दोन पानं लिहून घेतली. कोण कुणाला देतं, कधी परत घेतं, सगळं. ऑफिसात आल्यावर ते फॉर्ममध्ये भरायचं होतं. फॉर्ममध्ये तीन रकाने होते. नियमित वापर, गळती, अनियमित वापर. मी साहेबांना विचारलं, हे कुठं टाकू? ते म्हणाले, ‘वेळापत्रकात नाही ना? मग अनियमित.’ मी म्हटलं, ही रीत आहे, हिला वेगळा रकाना हवा. ते म्हणाले, ‘एका गावाच्या रीतीसाठी रकाना काढला तर शंभर गावांना शंभर काढावे लागतील.’ आणि मी ते अनियमितमध्ये टाकलं. तीन महिने झाले होते नोकरीला. मला वाद घालायचा नव्हता. पेटी त्याच रकान्यावरून शिकली. व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या वेळेत हातानं उघडला की लाल पट्टी, हा नियम माझ्या त्या नोंदीतून झाला.

म्हणजे उसनी पाळी काय असते हे कंपनीला अय्युबचाचांचा फोटो काढायच्या दोन महिने आधीपासून माहीत होतं. सोबत माझ्या हातच्या दोन पानांची झेरॉक्स पाठवते. खाली माझी सही, तारीख आणि साहेबांची लाल शाईतली टीप आहे. ‘अनियमित धरावे.’

तुम्ही सही मागितली होती. ही घ्या. पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला तुमच्याकडून आता भाषण नको आहे.

श्रेया


पिंपळमळा
१ मार्च २०२५

चि. श्रेया,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी वाचनालयाचं कुलूप उघडलं नाही. लोकांना सांगितलं, तब्येत बरी नाही.

मेहजबीन खोटं बोलली नाही. मी चष्मा पुसत होतो. चष्मा स्वच्छ होता.

कारण तू लिहिलंस ते अर्धं. पाटी उतरली तरी माझी पुस्तकं कुठं जात नाहीत. मला भीती दुसरीच होती. मी उठून बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, ‘रामहरीराव, पेट्या तुमीच आणल्या न्हवं?’ नोव्हेंबरात ज्या तोंडानं मी यंत्राची आरती ओवाळली त्याच तोंडानं फेब्रुवारीत थुंकायचं आणि गावानं हसायचं. चाळीस वर्षं मी बोलतो आणि लोक ऐकतात. ते हसतील एवढ्यासाठी मी अय्युबला त्यांच्या हाती दिला. उगाच मोठं कारण शोधू नकोस, इतकंच आहे ते.

मी आयुष्यभर सांगत आलो की भांडवलदार माणसाला विकत घेतो. मला कुणी विकत घेतलं नाही. मी किंमत सांगायच्या आधीच गप्प बसलो.

परवा अय्युबकडे गेलो. तो गोठ्यात शेळीला पाला टाकत होता. मी म्हटलं, ‘अय्युब, माझं चुकलं.’ तो पाला टाकत राहिला. मग म्हणाला, ‘मास्तर, तुमी बसा. चहा टाकाया सांगतो.’ मी कधी मास्तर नव्हतो, तो मला कौतुकानं तसं म्हणतो. मला वाटत होतं तो शिव्या देईल. त्यानं चहा दिला, तो प्यावा लागला.

सोळा तारखेला सर्वसाधारण सभा आहे. तुझी पानं तिथं वाचीन. पण खाली तुझी सही आहे. ती झाकून वाचू का? सांग. तू म्हणशील तसं.

मामा


काटेवाडी
६ मार्च २०२५

ती. मामांस,

सही झाकू नका. झाकलीत तर ते निनावी होईल आणि निनावी कागदाला गाव काय म्हणतं ते तुम्हाला माहीत आहे. अय्युबचाचांचं पूर्ण नाव छापलं गेलं, माझंही वाचा.

आई रडते आहे. म्हणते, बारामतीत एवढी चांगली नोकरी आसपासच्या दहा गावांत कुणाच्या पोरीला नाही, आणि तुझा मामा पहिल्यापासून असाच. मी तिला सांगितलं नाही की यावेळी मामा असा नव्हता.

एक विनंती. तुमचं स्वतःचं बोलणं पाच मिनिटांच्या वर नेऊ नका.

श्रेया


पिंपळमळा
२४ मार्च २०२५

चि. श्रेया,
आशीर्वाद.

कंपनीनं तुला घरी पाठवल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. पुढं ती जे बोलली ते मी ऐकून घेतलं, सगळं खरं होतं.

सभेचं सांगतो. सारजाचं नाव सभासदांत चढलं होतं, ती पुढं बसली. मी उठलो. आधी म्हटलं, ‘पेट्या मी आणल्या. तेव्हा मी चुकलो, आणि नऊ तारखेला त्याहून जास्त चुकलो.’ कुणीतरी हसलं. मी थांबलो, ते हसून होऊ दिलं. मग तुझी दोन पानं वाचली. खाली श्रेया असं नाव आहे म्हणून सांगितलं, साहेबाची टीप वाचली. पाच मिनिटांच्या आत बसलो. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

सारजा उठली. म्हणाली, ‘माझा धनी गेला तवा चौदा तारखेचं पाणी गेणबा भावजींनी घ्येतलं. बावीसला माझं मला परत मिळालं. ह्यात चोरी कुठली? भावजी, तुमीच सांगा.’ सगळे गेणबाकडे वळले. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, ‘व्हय. घ्येतलं व्हतं.’ एवढंच. पाच आठवडे त्याला हे तीन शब्द सापडले नव्हते.

अय्युब मुलाणी निर्दोष आहे असा ठराव झाला. त्याच्या घरी जाऊन चेअरमननं पाना परत दिला. त्या फोटोचं मात्र काही करता आलं नाही. कंपनीचा माणूस आला होता, गोड बोलणारा. त्यानं सांगितलं, नोंद पुसायची सोय नाही, ‘निराकरण झाले’ असा शेरा मारता येईल. म्हणजे फोटो राहणार, पाना राहणार, पट्टी लालच राहणार, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात शेरा. पेट्या काढायचं विचारलं तर तीन वर्षांचा करार दाखवला. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. शिवाय शेवटच्या शेतांची माणसं पेट्या काढू द्यायला तयार नाहीत, आणि त्यांना मी कोणत्या तोंडानं काढा म्हणू?

तरी त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो. घरी येऊन तुला असं पत्र लिहायलाही बसलो होतो, मोठं, चार पानी. ते फाडलं. का फाडलं ते सांगतो.

परवा, बावीस तारखेला, गेणबाची पाळी होती. त्याच्या सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या, घरातले सगळे तिला घेऊन इंदापूरच्या दवाखान्यात गेले. शेतावर दारं धरायला कुणी नाही. अकरा वाजता पेटीनं वेळेवर गेणबाचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी पहिल्या सरीतून भरभरून वाहिलं, बांध फोडून गाडीवाटेवर आलं. मी वाचनालयातून उठून गेलो तेव्हा वाटेवर घोटाभर पाणी होतं. पलीकडे सारजाचा मका. कणसं भरायची वेळ आणि पानं दुपारच्या उन्हात सुरळी होऊन गेलेली. मधे हातभर रुंदीचा बांध. सारजा त्या बांधावर उभी होती.

गेणबाला फोन लावला. तो दवाखान्यात, म्हणाला, ‘राव, वाहू द्या. म्या हिकडं गडबडीत हाय. काय करायचं ते फोनमधून करता येतं म्हणतात, मला न्हाय येत.’ ‘सारजाला उसनं दे’ असं तो म्हणाला नाही. मीही ‘देतोस का’ असं विचारलं नाही. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता, श्रेया, आणि मी व्हॉल्व्हवरच्या पेटीकडे बघितलं.

तेवढ्यात अय्युब आला. ठराव झाल्यापासून पाना परत त्याच्या खांद्यावर असतो. तो पाण्यात उतरला, सारजाच्या व्हॉल्व्हपाशी गेला, आणि थांबला. सव्वीस वर्षांत त्याला मी तिथं थांबलेला पाहिला नव्हता. म्हणाला, ‘वहिनी, उघडू का?’

सारजानं मक्याकडे बघितलं. मग वाटेवरून वाहून ओढ्याला चाललेल्या पाण्याकडे. तिनं पदर ओढून अर्धं तोंड झाकून घेतलं आणि अगदी हळू म्हणाली, ‘नको, अय्युबभाई. दिसंल.’

पाळी संपेपर्यंत आम्ही तिघं तिथं उभे होतो. चार तास पाणी ओढ्याला गेलं. तीन वाजता पेटीनं वेळेवर बंद केलं.

तुझा,
मामा